कुलपातली साखर

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मराठी सातवी पास झालेली, अक्षर वळणदार, आणि त्या अक्षराचा मला बराच अभिमान होता. सासरी त्याचं कुणाला काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, तिच्यात सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, माझा नवरा आणि मी. दोघे भाऊ एकाच गिरणीत कामाला. आणि घर सगळं जाऊबाईंच्या भोवती फिरणारं.

मी त्यांना वहिनी म्हणायची. त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, उंच, हसल्या की डाव्या गालाला खळी पडायची. त्यांनी तिरफळं घालून केलेल्या बांगड्याच्या तिखल्यासाठी शेजारणी वाट्या घेऊन दारात यायच्या. मी तेच, त्याच मापाने केलं की सासूबाई जेवून उठायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. सात वर्षांत वहिनींना मूल झालं नव्हतं, तरी सासूबाईंनी त्यांना त्यावरून कधी टोचलं नाही. मला मात्र सहाव्या महिन्यापासून विचारणा सुरू झाली. मी पहिल्यापासून त्यांचा हेवा करायची. तेव्हा मी त्याला हेवा म्हणत नसे. अन्याय म्हणत असे.

दुसऱ्या वर्षी वहिनींना खोकला लागला. आधी काढे झाले, मग ताप उतरेना म्हणून परळच्या दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला आणि क्षय निघाला. इस्पितळात खाट रिकामी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घरीच ठेवा, खिडकीशी झोपवा, ताटवाटी वेगळी ठेवा, सुया घ्यायला इथे आणा आणि मुख्य म्हणजे भरपूर खायला घाला.

सासूबाईंनी ते शेवटचं वाक्य शिरोधार्य मानलं. घरातली एकुलती खाट वहिनींना दिली. सकाळी दुधाची अख्खी बाटली, त्यात साखर आणि अंडं फेटून. दहा वाजता तुपातला शिरा, दुपारी मटणाच्या पायांचं पाणी, चार वाजता वेलची केळी. कुणीतरी सांगितलं म्हणून ग्लुकोजचा डबा आणला. त्याचं पाणी दिवसातून तीन-चारदा. सगळं करायची मी, द्यायच्या सासूबाई. त्यांच्या हाताने वहिनींच्या कपाळावरचे केस मागे सारले जायचे, तेव्हा मी स्टोव्हला पंप मारत असायची.

दूध आटताना त्याचा वास खोलीभर पसरायचा. मी चहात घालायला दोन चमचे घेतलं तरी सासूबाईंचं लक्ष असे. एकदा मला वाटलं, आपल्यालाही थोडा खोकला यावा. तेव्हा मी खोटं खोटं खोकलेही. नवरा म्हणाला, "पाणी पी." तेवढंच.

तो बहुतेक घरी नसायचाच. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गिरणीची पाळी सुटली की सभा, सभा नसली तर चाळीच्या तळमजल्यावर बैठका, भिंती रंगवणं. एकदा डोक्याला लाठी लागून आला. मी घाबरून रडायला लागले तर म्हणाला, "रडतेस काय? हळद आण." दीरसुद्धा चळवळीतलेच, पण ते सभेहून आले की आधी खिडकीशी जायचे, वहिनींचे पाय हातात घ्यायचे आणि सभेत काय झालं ते हळू आवाजात सांगायचे. मी पाठ करून बसायची आणि एक एक शब्द ऐकायची.

एवढं खाऊनपिऊन वहिनी सुधारायच्या सोडून वाळत चालल्या. गालांची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. सुया चालू, कडू पुड्या चालू, आणि ताप पुन्हा येतोच आहे. आणि तहान! तांब्या भरून ठेवावा तो रिकामा. खालच्या नळावरून पाणी मी भरायची, तीन जिने चढून. "आणखी एक तांब्या दे गं," असं त्या म्हणाल्या की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शौचकूप गॅलरीच्या टोकाला, तिथवर जायची ताकद नाही, म्हणून त्या रात्रीतून चार-पाचदा उठून खोलीतल्या मोरीत जायच्या. सकाळी मोरी मीच धुवायची.

आणि त्या मोरीत मला मुंग्या दिसायला लागल्या. एकदोन नव्हेत, उंबऱ्यापासून मोरीच्या कडेपर्यंत रांग. फिनेल टाकलं तरी दुसऱ्या दिवशी हजर. वहिनींची लुगडी धुवायला घेतली तर काठाला कडक पांढरे डाग, आणि तिथेही मुंग्या.

मी त्याचा एकच अर्थ काढला. काढला म्हणजे मला तो हवाच होता. रात्री सगळे झोपल्यावर या बाईसाहेब ग्लुकोजचा नाहीतर साखरेचा डबा उघडतात, बकाणे भरतात आणि हात मोरीत धुतात. दिवसभर एवढं मिळतं तरी पुरत नाही. आणि मला चहात दोन चमचे दूध नाही.

एका सकाळी सासूबाईंना हाताला धरून मोरीपाशी नेलं. वहिनींना ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाले, "बघा. रात्री कोण साखर खातं ते बघा."

सासूबाईंनी मुंग्यांकडे पाहिलं, मग खाटेकडे. रागावल्या की त्या पुरत्या मालवणीवर यायच्या. "काय गो, रात्री उठान साकर खातंस? माका सांगलं असतंस तर मी दिली नसती?"

वहिनी उठून बसल्या. "नाही हो आई. तुमच्या पायाची शपथ."

"मगे हे मुंगये खयसून इले?"

वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे वळल्या. त्यांची मान पाठमोरी किती बारीक दिसत होती, ते मला आजही दिसतं. त्या क्षणी मात्र माझ्या जिवाला गार वाटलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी साखर, गूळ, ग्लुकोज सगळं ट्रंकेत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. चहापुरती साखर सकाळी वाटीत काढून द्यायच्या.

त्या आठवड्यात दवाखान्यात सासूबाईंच्या बरोबर मी गेले. एरवी मी टाळत असे, पण त्या दिवशी वहिनींना डॉक्टरांकडून बोलणी बसणार होती आणि ती मला ऐकायची होती. सासूबाईंनी गाऱ्हाणं सांगितलं, "बाई, हिला तुम्हीच समजवा. चोरून साखर खाते. वजन कसं वाढणार?"

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चोरून खाते ते कुणी पाहिलं?"

सासूबाईंनी मला पुढे केलं. मी म्हटलं, "खाताना नाही पाहिलं. पण मोरीत मुंग्या येतात. लुगड्यालासुद्धा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मोरीत? म्हणजे रात्री ही लघवीला तिथेच जाते का?"

"हो."

"किती वेळा?"

"चार-पाचदा. आणि सारखं पाणी पिते. भरून भरून माझे हात मोडले."

मी हे तक्रारीच्या सुरात सांगत होते. पण त्या माझं बोलणं वेगळ्याच तऱ्हेने ऐकत होत्या. त्यांनी वहिनींना बाटली देऊन आत पाठवलं. मग काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी टेबलाशी उभीच होते. निळं होतं ते हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता तांबडं, विटेच्या चुऱ्यासारखं.

"हिने साखर चोरलेली नाही, आजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही खायला घातलेली साखर हिच्या अंगाला लागतच नाही, लघवीवाटे बाहेर पडते. हिला मधुमेह आहे. म्हणून क्षय हटत नाहीये. लघवी तपासून बघायचं आम्हालाही सुचलं नाही. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर हातची गेली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हुशार आहेस मुली. लक्ष असतं तुझं."

परतताना सासूबाई रस्त्यात थांबल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "वाचयलंस गो माझ्या घराक." दोन वर्षांत त्यांनी मला दिलेली ती पहिली शाबासकी. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनीही माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाळीत बातमी पसरली, धाकटीची नजर काय बारीक! बायका मला विचारायला यायच्या आणि मी सांगायची. कशासाठी बघत होते, तेवढं सोडून सगळं.

एवढ्यावर माझा हेवा संपायला हवा होता. तो संपला नाही. त्याने रूप बदललं.

वहिनींचं खाणं आता अवघड झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, क्षयाला खाऊ घालायचं आणि मधुमेहाला आवरायचं, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. शिरा, केळी, साखर बंद, म्हणून ट्रंकेचं कुलूप तसंच राहिलं. अंडी, मासे, बिनसाखरेचं दूध चालू. भाकरी मोजून. भात जवळजवळ नाहीच. कोकणातल्या बाईला भात नाही म्हणजे जेवणच नाही. पहिल्या दिवशी त्या भाकरीकडे बघत बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी समोर बसून कढीभात कालवला आणि भुरके मारत खाल्ला. मुद्दाम. सुरमईची जाड तुकडी त्यांच्या ताटात आणि माझ्या वाटणीला शेपटीकडची, म्हणून.

आणि सुई. इन्शुलिन सकाळ-संध्याकाळ टोचायचं होतं. रोज दोनदा परळला कोण नेणार? दीर म्हणाले, मी शिकतो. गिरणीचे साचे चालवणाऱ्या त्या राकट हातांनी ते मोसंब्यात सुई खुपसून सराव करायचे. काचेची पिचकारी उकळत्या पाण्यातून काढायची, औषधाची बाटली माठाशेजारच्या ओल्या फडक्यातून आणायची, उजेडात धरून मोजायचं. वहिनी डोळे मिटायच्या. टोचून झालं की दीर त्या जागेवर हळूच फुंकर मारायचे. ती फुंकर मला सहन होत नसे. मी भांडी आपटायची. माझा नवरा तेव्हा घोषणांचे कागद पसरून बसलेला असायचा.

मग हरताळाचा तो दिवस आला. गिरण्या बंद, बसगाड्या बंद, दुकानं बंद. चाळीतल्या बायकांचाही मोर्चा निघणार होता. मी आठ दिवसांपासून मनाशी ठरवलं होतं की जायचं. फलकांवरची अक्षरं माझ्याकडून लिहून घेतली होती. माझ्या अक्षराचा उपयोग सासरी कुणी पहिल्यांदाच केला होता. पण सासूबाई आदल्या दिवशी फणसवाडीला बहिणीकडे गेल्या आणि बस नाही म्हणून तिथेच अडकल्या. वहिनींपाशी कुणीतरी थांबणं भाग होतं.

दिरांनी सकाळी सुई टोचली आणि निघताना, माझ्याकडे न बघता, उंबऱ्यावरूनच म्हणाले, "अर्ध्या तासात तिला भाकरी द्यायची हं. विसरायचं नाही." नवरा त्यांच्या पुढे जिना उतरूनही गेला होता.

मी भाकरी केली. ताट खाटेशी नेऊन ठेवलं. खालून बायका हाका मारत होत्या. मला वाटलं, वहिनी पाच मिनिटांत जेवतील, मग निदान कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन येता येईल.

वहिनींनी भाकरी मोडून पाहिली. "ही कडक झाली गं. माझ्या घशाखाली नाही उतरत. दुसरी मऊ करून देतेस?"

माझं डोकं भणाणलं. "करते," म्हटलं. ताट उचललं, पीठ परातीत काढलं आणि तसंच टाकून गॅलरीत गेले. राहू देत उपाशी, असं मनात स्पष्ट म्हटलं. खालून मोर्चा चालला होता. मी लिहिलेले फलक ओळखू येत होते, ते दुसऱ्यांच्या हातात होते. "झालाच पाहिजे" अशी आरोळी उठली की चाळीचे कठडे हादरायचे. मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. एका मागून एक जथे येत होते. दीड तास तरी झाला असेल, कदाचित जास्तच.

आत आले तेव्हा वहिनी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. पोलकं घामाने चिंब. हात थरथरत होते. मला बघून म्हणाल्या, "आये, गुरां बांधलंस?" त्या मला त्यांची आई समजत होत्या. मी हाक मारली तर माझ्या चेहऱ्यापलीकडे कुठेतरी बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: सुई घेतली आणि खाल्लं नाही तर साखर एकदम उतरते, असा घाम आला की ताबडतोब साखर द्यायची, उशीर केलात तर माणूस जातं. साखर! चहाची वाटी रिकामी होती. सासूबाईंनी जाताना काढून ठेवलेली सकाळी भावांच्या चहात संपली होती. बाकीची ट्रंकेत. ट्रंकेला कुलूप. किल्ली फणसवाडीत, सासूबाईंच्या कमरेला. ते कुलूप कुणामुळे लागलं, हे मला त्या वेळी कुणी सांगायला नको होतं.

शेजारच्या दाराला कडी. त्याच्या पलीकडे कडी. सगळी चाळ मोर्चाला. मी गॅलरीतून ओरडले, पण खालच्या आवाजात माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? परत आत धावले. वहिनी आडव्या झाल्या होत्या, डोळे अर्धे उघडे. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा, पाचव्यांदा कोयंडा तुटला. माझं बोट चेचलं, ते मला मागाहून कळलं. साखरेचा डबा काढला, तांब्यात मुठी टाकल्या, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते पाणी चमच्याने ओठांत सोडत राहिले. वेगळ्या भांड्याबिंड्याचं भान नव्हतं. "वहिनी, गिळा. वहिनी, माझी चूक झाली, गिळा." मी हे मोठ्याने म्हणत होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि म्हणाल्या, "रडतेस का?"

मी दुसरी भाकरी केली, मऊ. त्यांना हाताने भरवली.

संध्याकाळी दीर आले. तुटलेलं कुलूप बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी वहिनी बोलल्या. "मलाच जेवावंसं वाटलं नाही. ही मागे लागली होती, मी ऐकलं नाही. हिने कुलूप फोडून साखर दिली म्हणून आहे मी."

दीर माझ्याशी कधी फारसं बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी मला हात जोडले. दोन दिवसांनी सासूबाई आल्या, त्यांनी माझी दृष्ट काढली. आणि मी? मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्या लाजेच्या तळाशीही एक जळती ठिणगी होती. ही बाई माझ्यापेक्षा चांगलीसुद्धा होती. तेही तिलाच मिळालं होतं.

त्यानंतर मात्र त्यांच्या जेवणाची वेळ मी कधी चुकवली नाही. क्षय बरा व्हायला दीड वर्ष लागलं. छातीच्या फोटोतला डाग लहान होत गेला, थुंकी स्वच्छ आली, अंगावर मांस चढलं. सुया तेवढ्या राहिल्या, त्या जन्माच्या.

महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी लालबाग-परळ दिव्यांनी भरून गेलं होतं. आम्ही दोघी बघायला उतरलो. कितीतरी दिवसांनी वहिनी औषधपाण्याचं कारण नसताना जिना उतरत होत्या. परत चढताना दुसऱ्या मजल्यावर त्यांना दम लागला म्हणून पायरीवर बसलो. तिथे मी विचारलं, "त्या दिवशी खोटं का बोललात? मी मुद्दाम भाकरी दिली नव्हती."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तशी ती पहिली भाकरी कडक नव्हती."

मी त्यांच्याकडे वळले.

"तू जाणार होतीस ना खाली? महिनोन्महिने मी त्या खिडकीतून बघत होते. तू तीन जिने धावत उतरायचीस, पाणी घेऊन चढायचीस, शिव्या देत का होईना. मला वाटायचं, आपल्याला ते पाय मिळावेत. त्या दिवशी तू नवं लुगडं नेसलीस, तुझं लिहिलेलं सगळे घेऊन जाणार होते. म्हटलं, अडकवावी हिला तासभर." त्या हसल्या, खळी पडली. "आणि मुंग्यांचं म्हणशील, तर तू ते माझ्या भल्यासाठी सांगितलं नव्हतंस, हे मला काय कळलं नाही होय?"

वरून सासूबाईंनी हाक मारली तेव्हा वहिनींनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि उठल्या.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. ती वर्षाची झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुझं एवढं शिक्षण चुलीत घालू नकोस, पोर मी बघते." त्यांच्या जिवावर मी मास्तरणीचं ट्रेनिंग केलं, म्युनिसिपालटीच्या शाळेत लागले. संध्याकाळी दमून घरी यायची, हात पुढे करायची, आणि माझी लेक वहिनींच्या मानेला मिठी मारून तोंड फिरवायची. वहिनी तिला समजवायच्या, "जा गं, आई आली." ती जायची नाही.

मी पदर खोचून स्टोव्हपाशी जायची आणि वहिनींची भाकरी टाकायला घ्यायची. भांडी थोडी आपटायचीच.